आधीचा माणूस

बोईसर, रविवार, ८ जानेवारी १९६७

आजपासून रोजनिशी लिहायची आणि शरीर कमवायचं, असे दोन संकल्प सोडले. पहिला तडीस जाण्याची शक्यता जास्त, कारण त्याला नुसतं मनगट हलवावं लागतं.

आधी वस्तुस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे पुढे प्रगती कळेल. वय एकोणतीस. नोकरी इथल्या अणुवीज प्रकल्पाच्या नकाशा-खात्यात, ट्रेसरची. साहेबांनी काढलेल्या रेघांवर पारदर्शक कापड पसरायचं आणि त्याच रेघा पुन्हा काढायच्या. नाव भगवंत. भगवंत निराकार असतो म्हणतात, मीही जवळपास तसाच आहे. अंगात घातलेला सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. खंडेराव माझ्याच गावचा, खोलीतला जोडीदार, प्रकल्पाच्या स्टोअरमध्ये कारकून. त्याने काल मला लोखंड तोलायच्या काट्यावर उभं केलं. चव्वेचाळीस किलो. "बुटांसकट," असं तो गोदामभर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

लग्नाला दोन वर्षं होत आली. नर्मदा गावी आईजवळ आणि मी इथे. मागच्या महिन्यात कॉलनीत एका खोलीची क्वार्टर मिळत होती, ती मी 'सध्या गरज नाही' म्हणून सोडली. खंडेरावाला सांगितलं, तिथल्या भिंतींना ओल येते. खरं कारण या वहीशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. नर्मदा माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे, अंगाने भरलेली आहे, आणि डोक्यावर हंडा घेऊन चालली की समोरचा माणूस आपणहून बाजूला होतो. लग्नात फोटोवाल्याने मला पाटावर उभं केलं. पाट पुरला नाही, म्हणून त्यावर दुसरा पाट ठेवला. मांडवात जी हशाची लाट उठली ती अजून माझ्या कानांत आहे. नर्मदेने मान खाली घातली ती फोटो निघेपर्यंत वर केली नाही. बायकोला आपली लाज वाटली, एवढं कळायला फार अक्कल लागत नाही.

तेव्हा ठरलं ते असं. पाडव्यापर्यंत माणसांत यायचं आणि मगच तिला आणायचं.

रविवार, १५ जानेवारी

आठवडाभर पहाटे सूर्यनमस्कार घातले. 'घातले' हा शब्द जरा मोठा झाला. जमिनीवर गेलो ते खरं, वर येताना खंडेरावाने दोनदा काखेत हात घालून उचललं. तो स्वतः आंघोळ करून उघडाच बसतो, पोट मांडीवर ठेवून, आणि त्या पोटावर हात फिरवत चहा पितो. त्याला कसलीच लाज नाही. अशा माणसाचा हेवा करावा की कीव, हे अजून ठरवता आलेलं नाही.

आहारही बदलला. अंडी, केळी, आणि बाजारातून मासे. किनाऱ्यावरच्या घिवलीच्या काशीबाई बोईसरला माशांची पाटी घेऊन येतात, त्यांच्याकडून सुके बोंबील घ्यायला गेलो. त्यांनी मला पायापासून वर बघितलं आणि बोंबील परत पाटीत टाकले. म्हणाल्या, "भाऊ, तुमी बोंबील नका नेव. मानूस खातो तसा होतो. तुमी हलवा न्या." हलवा आणला. तो रुंद आणि मांसल मासा असतो, परिणामाची वाट पाहतो आहे.

सोमवार, २३ जानेवारी

खंडेराव गावाहून आला. आईने तिळाचे लाडू दिले आहेत. नर्मदेने सोमवार धरले आहेत म्हणे, आणि आता त्याला गुरुवारही जोडले. संक्रांतीच्या जेवणातही ती फक्त ताक प्यायली. खंडेराव म्हणाला, "भगवंता, वहिनी वाळल्यात रे." मी म्हटलं, श्रद्धाळू आहे, माझी नोकरी कायम व्हावी म्हणून करत असेल. खंडेराव लाडू खाऊ लागला.

मनातून मात्र बरं वाटलं. आपल्यासाठी घरी कुणीतरी उपाशी राहतं, ही भावना अंगाला लागण्यासारखी आहे. मी आज तीन अंडी खाल्ली.

रविवार, २९ जानेवारी

आजची नोंद लाल शाईने करायला हवी होती, पण ती खात्यात आहे.

सकाळी प्रकल्पाच्या गाडीने घिवलीला गेलो. ओल्या वाळूत धावल्याने पोटऱ्या भरतात असं अमेरिकन साहेबांचा ड्रायव्हर सांगतो. बनियन आणि लेंग्यावर धावत होतो, म्हणजे धाप लागेपर्यंत धावायचं आणि मग समुद्र बघतोय असं दाखवायचं. तिथे एक गृहस्थ गळ्यात कॅमेरा अडकवून उभे. मुंबईचे रामनाथ, जाहिरातींचे फोटो काढतात. त्यांची मंडळी जवळच केळव्याला उतरली आहे, पण तिथे सुट्टीची माणसं फार, म्हणून मोकळा किनारा शोधत इकडे आले.

त्यांनी मला बघितलं आणि हातातली सिगारेट विझवली. "जरा बनियन वर करता? आता बाजूने. आता श्वास सोडा, सगळा सोडा." मी सोडला. ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले. गावच्या बैलबाजारात माणसं अशी फेरी मारतात. मग म्हणाले, "अशी फिगर मुंबईत शोधून सापडत नाही हो."

एकोणतीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी डोळे पुसले, वारा फार होता.

'बलकांती' नावाचं शक्तिवर्धक औषध निघालं आहे. त्याच्या जाहिरातीला पुरुष मॉडेल हवा होता. आणि शक्तीच्या औषधासाठी त्यांनी मला निवडलं! मी भीत भीत म्हटलं, माझ्या अंगात तशी शक्ती दिसत नाही. ते म्हणाले, "तेच तर." यावर संध्याकाळभर विचार केला. खरी शक्ती दंडात नसते, ती चेहऱ्यावर असते, आणि जाणकाराला ती दिसते. जाताना त्यांनी बजावलं, आहात तसेच या, खाण्यापिण्यात काही बदल करू नका. मॉडेल लोकांचं पथ्य फार कडक असतं असं वाचलं होतं, ते खरं आहे.

त्यांनी आणखी एकाला बोलावलं आहे. काशीबाईंचा नवरा रामा, किनाऱ्यावर दोर ओढत होता. अंग अगदी घडवल्यासारखं आहे. सामान उचलायला माणूस लागतच असेल.

गुरुवार, २ फेब्रुवारी

खात्यात सगळ्यांना सांगून झालं. हेडड्राफ्ट्समननी खुर्ची दिली. खंडेरावाने तेवढं विचारलं, "शक्तीच्या औषधाला तू?" मत्सर माणसाला कुठे नेतो ते दिसलं.

खाणं बदलू नका म्हणाले खरे, पण बायकोने बघायचा फोटो आहे. मी हलवा आणि अंडी चालूच ठेवली. काट्यावर दीड किलो वाढ दिसते. ही गोष्ट रामनाथांना सांगायची नाही, एकदम दाखवायची.

रविवार, १२ फेब्रुवारी

आज फोटो झाले. क्रमाने लिहितो, कारण काही गोष्टी मला नीट समजल्या नाहीत आणि पुढे कधी वाचल्यावर समजतील.

रामनाथांनी मला बघताच विचारलं, "गालांना काय झालं?" मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मग एका बाईंनी काजळकांडी आणली आणि माझ्या फासळ्यांच्या मधल्या जागेत काळं भरलं, गालाच्या खाली आणि डोळ्यांभोवतीही. मी विचारलं, हे कशासाठी? "उठाव येतो," त्या म्हणाल्या. ही कला आहे, आपल्याला कळत नाही. खांदे पाडा, पोट आत, तोंड जरा उघडं, काहीतरी हरवलंय असं बघा, असं सांगितलं. मी गावचं स्टेशन सुटल्यासारखं बघितलं. ते फार खूश झाले.

शेजारी बायको म्हणून एक मॉडेल होती, चंद्रकांता. मासिकात बघतो तशीच, उंच, मानेची शीर न् शीर दिसणारी. माझ्याइतकीच बारीक असेल, पण तिच्या अंगावर ते बारीकपण शोभतं आणि माझ्या अंगावर तेच क्षयासारखं दिसतं. एकच माल, पण एक काचेच्या कपाटात आणि एक पडवीत. या फोटोत ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. मी म्हटलं, जोडप्याने असं का उभं राहायचं? ती म्हणाली, "दुसऱ्यात जवळ येते ना मी."

मधल्या वेळात आम्ही होडीच्या सावलीत बसलो. मी डब्यातली भजी पुढे केली. तिने एक उचललं, वास घेतला, आणि परत ठेवलं. मी म्हटलं, घ्या की. ती म्हणाली, "तुम्हांला घरी कोणी 'खा' म्हणतं का हो?" मी म्हटलं, सगळेच म्हणतात, लहानपणापासून. "मला आई म्हणायची," ती म्हणाली, "पण आता तीही म्हणत नाही. मी वाढले तर घर कसं चालायचं?" आणि तिने पुन्हा डब्याकडे बघितलं. एवढी देखणी बाई, लोक तिचं चित्र भिंतीला लावतात, आणि ती भज्याकडे माझ्या गावची कुत्री बघतात तशी बघत होती. हे मला का आठवतंय कोण जाणे. मला वाईट वाटलं एवढं खरं.

मग रामाचे फोटो काढले. त्याच जागी, त्याच बनियनवर, आणि चंद्रकांता त्याच्या दंडाला रेलून. उजेड मापण्यासाठी असेल. रामा लाजून लाल झाला, लांबून काशीबाई बघत होत्या. शेवटी मला पुन्हा बोलावलं आणि म्हणाले, आता नुसतं डोकं, आणि हसा. चार वेळा काढलं. चेहरा चालतो आपला, हे आज सिद्ध झालं.

मोबदला म्हणून 'बलकांती'च्या बाटल्यांची पेटी दिली. चव गूळ आणि रॉकेलच्या मधली आहे.

सोमवार, २७ फेब्रुवारी

खंडेराव गावी जाऊन आला. त्याच्याबरोबर आईला निरोप धाडला होता की फोटो पेपरात येणार आहे, तो बघा, आणि नर्मदेला आणायचं त्यानंतर बघू. उत्साहाने विचारलं, काय म्हणाली? खंडेराव चप्पल न काढताच खाली बसला.

"काही म्हणाली नाही. तुझ्या आईने भाकरी वाढली, तिने ती म्हशीला घातली. मी बघितलं. चुलीपासून उठताना भिंत धरते, भगवंता. मला एकच विचारलं, 'ते मला कधीच नेणार नाहीत का?'"

मी म्हटलं, ऊन लागलं असेल. फेब्रुवारीत कुठलं ऊन, असं तो म्हणाला आणि रात्री एकटाच जेवून आला. खंडेराव हळवा आहे, त्याला बायकांचे उपास बघवत नाहीत. मी मात्र आजही डाव्या दंडाचा घेर मोजला. फारसा फरक नाही, पण फीत ताणली नव्हती.

'बलकांती'ने पोट बिघडलं आहे. कमावलेलं दीड किलो गेलं.

रविवार, १२ मार्च

जाहिरात आली. अर्ध्या पानाची आहे.

डाव्या बाजूला मी. खाली मोठ्या टायपात 'बलकांती घेण्यापूर्वी'. खांदे पडलेले, फासळ्या काजळाने काढल्यासारख्या (त्या काजळानेच काढल्या होत्या), तोंड उघडं, आणि बायको पाठ फिरवून उभी. उजव्या बाजूला 'बलकांती घेतल्यानंतर'. तिथे रामाचं अंग, त्यावर माझं हसरं डोकं, आणि दंडाला रेललेली चंद्रकांता. डोकं अंगाच्या मानाने लहान पडलं आहे. भोपळ्यावर लिंबू ठेवावं तसं दिसतं.

'अशी फिगर सापडत नाही', 'तेच तर', काजळ, पडलेले खांदे, सगळं एकेक करून उलगडत गेलं. एवढा ढ माणूस नकाशे काढायला ठेवणाऱ्या प्रकल्पाची मला काळजी वाटते. खंडेराव हसेल म्हणून मी तयारीत होतो. तो हसला नाही, आणि ते जास्त लागलं.

सोमवार, १३ मार्च

खात्यात गेलो. ड्रॉइंग बोर्डावर पान चिकटवलेलं. दुपारपर्यंत माझं नाव बदललं होतं. 'आधी' म्हणतात. "आधी, जरा ती पट्टी द्या." चहावाला म्हणाला, "आधीला आधी द्या." दोन जणांनी गुपचूप विचारलं की औषध कुठे मिळतं. माझ्याकडे बघूनसुद्धा विचारलं! छापलेल्या चित्रापुढे जिवंत पुराव्याचं काही चालत नाही.

मंगळवार, १४ मार्च

सकाळी कामावर निघणार तोच दारात काशीबाई. पाटी खाली ठेवली, कमरेला खोचलेलं पेपराचं पान काढलं आणि माझ्या समोर धरलं. उजव्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो डोका तुमचा हाय. पन आंग माज्या घरवाल्याचा हाय."

मी म्हटलं, कशावरून? त्यांनी चित्रातल्या खांद्याखालचा वण दाखवला. "होडीचा दोर लागला तवा मी हलद भरली हाय इथं. मला नाय कलनार?"

मला वाटलं भांडायला आल्या. तसं नव्हतं. त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि हळूहळू सगळं सांगितलं. किनाऱ्यावर कुणीतरी पान आणलं, आणि आता होडीवरचे सगळे रामाला 'बिनडोक्या' म्हणतात. घरात रामा लुंगीवर फिरायचा, होडीवर तर उघडाच असायचा. आता भर उन्हात सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून दर्यावर जातो. सदरा भिजतो, अंगाला मिठाचे फोड आलेत, पण काढत नाही. म्हणतो, अंग बघितलं की लोकांना त्या बयेचा हात दिसतो. ज्या अंगासाठी लोक बाटल्या पितात, त्या अंगाची त्याला लाज वाटते.

"तुमी येवन त्याला सांगा," त्या म्हणाल्या. "तुमचा डोका तुमी घ्या, त्याचा आंग त्याला देवा. माजा ऐकत नाय."

मी काय सांगणार? मीही गळ्यापर्यंत बटणं लावूनच उभा होतो. येतो म्हटलं आणि गेलो नाही.

शनिवार, १८ मार्च

दुपारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होऊन खोलीवर आलो. खंडेराव दारातच भेटला, हातात पिशवी. रात्री चुलतभावाकडे पालघरला राहतो म्हणाला. मी विचारलं का, तर म्हणाला आत जा.

आत ट्रंकेवर एक बाई बसली होती. क्षणभर मला ओळखू आली नाही. गालांची हाडं वर आलेली, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या, डोळे फक्त होते तेवढेच. नर्मदा.

एकटी आली होती. तिने मला बघितलं, उठली, आणि ना 'कसे आहात', ना काही. म्हणाली, "सदरा काढा."

मी म्हटलं, अगं, आधी पाणी तरी घे.

"काढा म्हणते ना."

दोन वर्षांत दिवसाउजेडी तिच्यासमोर मी सदरा काढला नव्हता. एक बटण तुटून पडलं. काढला. बनियनही काढलं. मग मी तसाच उभा राहिलो, चव्वेचाळीस किलो, त्यातून बूट वजा. ती एकेक फासळी बघत गेली आणि मटकन ट्रंकेवर बसली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसते आहे. ती रडत होती, आणि मधेच हसतही होती.

गावच्या शाळेतल्या मास्तरांनी पेपर वाचून दाखवला होता. म्हणाले, बघा, भगवंत औषध घेऊन पैलवान झाला. नर्मदेने चित्र बघितलं. असं अंग, आणि शेजारी अशी बारीक, नाजूक बाई. तिला वाटलं, संपलं सगळं. "म्हटलं, एकदा तोंडावर विचारावं आणि माहेरी जावं. हा असा झालेला माणूस मला कशाला नेईल?"

मी म्हटलं, मी असा कधी होणार? आणि मी न्यायला आलो नाही, कारण मी असा नव्हतो.

मग उपासांचं विचारलं. कुठले सोमवार आणि कुठले गुरुवार! देवाचं नावही नव्हतं त्यात. "बारीक व्हायचं होतं. लग्नात माणसं मला हसली ना."

"तुला? मला हसली. दोन पाट लावले होते."

"पाट कशामुळे लावले? मी अशी थोराड म्हणून. तुम्ही फोटोत माझ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही."

"लाजेने बघितलं नाही."

"माझ्याच ना?"

"अगं, माझ्या स्वतःच्या!"

बराच वेळ आम्ही त्या हशासाठी भांडत होतो. दोन वर्षं मी जो हशा मानेवर घेऊन हिंडलो, तो तिने गावी तिच्या नावावर करून घेतला होता. मी खाऊन खाऊन तिच्याएवढा होऊ बघत होतो आणि ती उपाशी राहून माझ्याएवढी. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर दोघं मधेच कुठेतरी भेटलो असतो, पण ती तोवर उरली नसती. तिच्या हाताला हात लावला तर ताप होता. माझ्या मूर्खपणाने या बाईने दोन महिने अन्न सोडलं, आणि मी इथे तिच्या श्रद्धेचं कौतुक करत अंडी खात होतो. मला रडू आलं. लिहायला लाज वाटत नाही.

तिला सांगितलं की बारीक झालेली तू मला आवडली नाहीस. आधीची आवडायचीस. हंडा घेऊन चालायचीस ती. हे सांगताना जीभ तीनदा अडखळली. ती म्हणाली, "मग तेव्हा सांगायचं की."

मऊ भात केला, वर हलव्याचं कालवण. ती हळूहळू जेवली. दुसऱ्यांदा भात मी वाढला नाही, तिने घेतला.

बुधवार, २२ मार्च

डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही, खायला घाला. शक्तीचं औषध देऊ का म्हणाले. आम्ही दोघं एकदम नको म्हणालो.

क्वार्टरचं विचारायला गेलो. ती दुसऱ्याला गेली, आता पावसाळ्यानंतर. ओल येते म्हणत होतो, ते आपलं बरंच झालं असं मानायचं. तोवर खंडेराव शेजारच्या खोलीत सरकला आहे. तो अजून उघडाच फिरतो, फक्त नर्मदा दिसली की टॉवेल घेतो, पोट झाकत नाही, खांद्यावर टाकतो.

नर्मदेला काशीबाईंचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही गेला नाहीत?" नाही म्हटलं. तिने एवढंच विचारलं की घिवलीला गाडी किती वाजता जाते.

रविवार, २६ मार्च, धुळवड

घिवलीला होड्यांना पताका, किनाऱ्यावर सगळा गाव रंगलेला. आम्हांला बघताच कुणीतरी ओरडलं, 'आधी आला, आधी!' पोरंसोरं, बायका, म्हातारे, सगळे हसले. नर्मदा माझ्या शेजारी होती, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. तिने मान खाली घातली नाही. माझी जात होती, पण तिच्याकडे बघून राहिली.

एक होडी भरतीच्या वर ओढायची होती. पुरुष दोराला लागलेले, सगळे उघडे, आणि त्यांत एकटा रामा गळ्यापर्यंत बटणं लावून. सदरा रंगाने आणि घामाने अंगाला चिकटलेला. काशीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाठ केलेलं एक वाक्य होतं, पण ते विसरलो. म्हणून सदरा काढला, बनियन काढलं, ते नर्मदेच्या हातात दिलं आणि रामाच्या पुढे जाऊन दोर धरला.

असा हशा मी लग्नातही ऐकला नव्हता. कुणी माझ्या बरगड्यांकडे बोट दाखवलं, कुणी विचारलं की बाटली विसरला काय. माझ्याने दोर हललाही नाही. उलट दोरच मला हलवत होता. हसता हसता निम्म्यांचे हात सुटले. आणि माझ्या मागून एक हसणं आलं, मोठं, छातीतून. वळून बघितलं तर रामा. तो वाकून हसत होता, डोळ्यांत पाणी. म्हणाला, "भाऊ, तुमी मरशाल," आणि माझ्या हातातला दोर काढून घेता घेता त्याने दुसऱ्या हाताने सदरा डोक्यावरून ओढला आणि वाळूत टाकला. पाठीवर मिठाचे फोड होते. तरी ते अंग बघत राहावं असंच आहे, खोटं कशाला बोला. पण मला ते आपलं असावं असं वाटलं नाही. ते त्याच्या डोक्याखाली शोभत होतं.

होडी वर आली. मी ओढत होतो असं म्हणायला हरकत नाही, माझे हात दोरावर होते.

दमून वाळूत पडलो तेव्हा नर्मदा काशीबाईंच्या शेजारी बसून तळलेली मांदेली खात होती, काट्यांसकट, दोन्ही हातांनी. आम्ही दोघं, रामा आणि मी, समोर उघडेच बसलो होतो. काशीबाई आमच्याकडे बघत, गालात हसत तिला म्हणाल्या, "पेपरात समदा घोल करून ठेवलाय. बाय, तू बगूनश्यान सांग. ह्यांतला तुजा कोनता?"

नर्मदेने तोंडातला घास गिळला, बोटं चाटली, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"तो काटकुळा," ती म्हणाली. "डोक्यासकट."